पावणेदोन एकरांचा हिशेब

आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी फुटबॉलचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद आखतात. क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर, म्हणजे जवळपास पावणेदोन एकर. गोलरक्षक बाजूला ठेवला तर संघाचे दहा खेळाडू एवढी जमीन सांभाळतात. माणशी सात गुंठे. समोरचा माणूस वाऱ्यासारखा पळत असताना सात गुंठ्यांवर एकट्यानं नजर ठेवणं कुणालाच शक्य नाही. त्यामुळे संघ कसाही उभा राहिला तरी मैदानाचा बराच भाग रिकामाच राहतो. तो कुठे रिकामा ठेवायचा, एवढं मात्र प्रशिक्षकाला ठरवता येतं. आक्रमक आणि बचावात्मक शैलींची वाट इथेच फुटते.

आक्रमक संघ आपली माणसं पुढे नेतो, प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर गर्दी करतो आणि रिकामी जमीन स्वतःच्या पाठीमागे सोडतो. बचावात्मक संघ आपल्या गोलसमोर दाटी करतो, पुढची जमीन मोकळी सोडतो आणि चेंडू हाती लागला की त्याच मोकळ्या जमिनीवर धावत सुटतो. पहिल्याला भीती असते ती पाठीमागून निसटणाऱ्या एका वेगवान खेळाडूची. दुसऱ्याला भीती असते ती तासभर चाललेल्या वेढ्यात एखादा पाय घसरण्याची. दोघंही धोका पत्करतात. प्रेक्षक मात्र पहिल्याला शूर आणि दुसऱ्याला भित्रा म्हणून मोकळे होतात. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो खेळ समजून घेण्याच्या आड येतो.

कबड्डीत चढाई संपली की समोरच्याची चढाई आणि आपली पकड. तीस सेकंदांचं घड्याळ ती पाळी ठरवून देतं. क्रिकेटमध्ये फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण यांच्यामध्ये अख्खा डाव असतो. फुटबॉलमध्ये अशी पाळी नाही. एक पास चुकला की हल्ला करणारा संघ त्याच क्षणी बचाव करणारा संघ होतो, आणि त्याची माणसं उभी असतात ती हल्ल्याच्या जागी. या खेळातले कितीतरी मोठे निकाल अशा उलटापालटीच्या चार-पाच सेकंदांत लागले आहेत. म्हणून शैली पारखायची तर संघ चेंडू जाताना आणि येताना काय करतो हे पाहावं लागतं. तसं पाहिलं की इतिहासातले काही गाजलेले सामने आपण ऐकत आलो त्यापेक्षा वेगळे दिसू लागतात.

२५ मे १९६७, लिस्बन. युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात एका बाजूला इटलीचा इंटर मिलान, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंडचा सेल्टिक. इंटरनं हा चषक १९६४ आणि १९६५ असा लागोपाठ जिंकलेला. त्यांचे प्रशिक्षक एलेनियो एरेरा आणि त्यांची कातेनाच्चो ही पद्धत, दोन्हींचा युरोपभर दरारा होता. सेल्टिकचे सगळे खेळाडू ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. प्रशिक्षक जॉक स्टीन यांनी त्यांना सतत पुढे जाऊन खेळायला शिकवलं होतं.

कातेनाच्चोची रचना समजायला सोपी आहे. प्रत्येक बचावपटूला प्रतिस्पर्ध्याचा एकेक आघाडीपटू नेमून दिलेला. तो जाईल तिथे याने जायचं. या सगळ्यांच्या मागे एक माणूस मोकळा, ज्याच्याकडे कुणाचीच नेमणूक नाही. पुढच्या कुणाची चूक झाली, कुणी हुलकावणी खाल्ली, की ते भगदाड यानं बुजवायचं. हा स्वीपर. इंटरमध्ये हे काम कर्णधार आर्मांदो पिक्की करायचा. या कल्पनेचं मूळ स्वित्झर्लंडमध्ये आहे. १९३०च्या दशकात कार्ल रापान या प्रशिक्षकासमोर अडचण अशी होती की त्याचे खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक नव्हते. दमदार व्यावसायिक संघांसमोर नव्वद मिनिटं धावण्यात ते कमी पडत. त्यानं पुढचं बळ कमी करून मागे एक जादा माणूस ठेवला. १९३८च्या विश्वचषकात याच स्विस संघानं दोन गोलांची पिछाडी भरून काढत जर्मनीला ४–२ असं हरवलं. पुढे इटलीत नेरेओ रोक्को यांनी त्रिएस्तिना हा लहानसा क्लब अशाच पद्धतीनं १९४७–४८च्या हंगामात लीगच्या दुसऱ्या क्रमांकावर नेऊन बसवला. बचावाचं हे शास्त्र दुबळ्या बाजूनं बलवानांसमोर टिकण्यासाठी घडवलं होतं. ज्याच्याकडे साधनं कमी असतात त्याला विचार जास्त करावा लागतो, आणि त्या विचाराबद्दल मला मनापासून आदर आहे.

एरेरांचा इंटर मात्र दुबळा नव्हता. श्रीमंत क्लब, उत्तम खेळाडू. त्यांनी ही पद्धत घेतली आणि तिला एक धारदार टोक लावलं. डावा बचावपटू जाचिंतो फाकेत्ती, उंचापुरा आणि लांब ढांगांचा, चेंडू मिळाला की संपूर्ण डावी बाजू कापत थेट समोरच्या गोलपर्यंत जायचा. १९६५–६६च्या इटालियन लीगमध्ये या बचावपटूनं १० गोल केले. मधल्या फळीतला स्पेनचा लुईस सुआरेझ चाळीस-पन्नास मीटरचा पास नेमका धावत्या पायापुढे टाकायचा. सान्द्रो मात्सोला आणि ब्राझीलचा जाईर तो घेऊन पुढे सुटायचे. म्हणजे दाटी करून बसणं हा अर्धा डाव होता. पुढच्या मोकळ्या जमिनीवर तीन-चार पासांत पोचणं हा उरलेला अर्धा.

लिस्बनच्या त्या संध्याकाळी सुआरेझ दुखापतीमुळे नव्हता, जाईरही नव्हता. सातव्या मिनिटाला मात्सोलानं पेनल्टीवर गोल केला, आणि त्यानंतर इंटर स्वतःच्या गोलसमोर जाऊन बसला तो उठलाच नाही. चेंडू काढून द्यायचा, तो पुन्हा सेल्टिककडे, पुन्हा हल्ला. दोनदा चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावर आदळला. गोलरक्षक जुलियानो सार्तीनं एकामागून एक फटके अडवले. पण पद्धतीतच एक भोक होतं. नेमणुका होत्या त्या सेल्टिकच्या आघाडीपटूंवर. मागून धावत येणाऱ्या बचावपटूंना अडवायचं ते इंटरच्या आघाडीपटूंनी, आणि ते दमले होते. ६३व्या मिनिटाला उजवा बचावपटू जिम क्रेगनं चेंडू आडवा सरकवला, डावा बचावपटू टॉमी गेमेल धावत आला आणि पेनल्टी क्षेत्राबाहेरून त्यानं असा फटका मारला की सार्ती हललाही नाही असं वाटावं. पास बचावपटूचा, गोल बचावपटूचा. ८४व्या मिनिटाला बॉबी मर्डकच्या फटक्याला स्टीव्ह चामर्सनं दिशा दिली. सेल्टिक २, इंटर १. आठवडाभरानं इंटर मांतोव्हाकडून एका गोलनं हरला आणि इटालियन लीगही युव्हेंटसला एका गुणानं देऊन बसला.

या सामन्याची गोष्ट सहसा ‘आक्रमणानं बचावाचा पराभव केला’ अशी सांगतात. सेल्टिकचा खेळ अप्रतिम होता यात वाद नाही. पण हरला तो अर्धा कातेनाच्चो. इंटरकडे त्या दिवशी बसण्याची शिस्त होती, उठून धावण्याची ताकद नव्हती. एरेरा स्वतः पुढे तक्रार करत की अनुकरण करणाऱ्यांनी त्यांचा बचाव तेवढा उचलला आणि आक्रमण सोडून दिलं. त्यांच्या अनेक नकलाकारांनी साठ-सत्तरच्या दशकांत जे कंटाळवाणे ०–० खेळले ते पाहता ही तक्रार रास्त होती.

आता दुसरा सामना, जो माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात जास्त चुकीचा वाचला गेलेला सामना आहे. ५ जुलै १९८२, बार्सिलोनातलं सारिया स्टेडियम, विश्वचषकाची दुसरी फेरी. ब्राझील विरुद्ध इटली. ब्राझीलचा तो संघ आजही जुन्या रसिकांच्या ओठांवर असतो: झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो, एडेर. प्रशिक्षक टेले सांताना. आधीच्या चार सामन्यांत त्यांनी १३ गोल केले होते. इटलीनं गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवून कशीबशी पुढची फेरी गाठली होती, त्या तीन सामन्यांत मिळून २ गोल. त्यांचा आघाडीपटू पाओलो रोसी सट्टेबाजीच्या प्रकरणातली दोन वर्षांची बंदी संपवून नुकताच परतलेला. स्पर्धेत त्याचा एकही गोल नव्हता. ब्राझीलला उपांत्य फेरीसाठी बरोबरी पुरेशी होती.

पाचव्या मिनिटाला डाव्या बाजूनं काब्रिनीचा क्रॉस आला आणि रोसीनं हेडर मारला. बाराव्या मिनिटाला झिकोनं आपल्याला चिकटलेल्या जेंतीलेला गिरकी घेऊन चकवलं, पास सॉक्रेटिसकडे, बरोबरी. पंचविसाव्या मिनिटाला सेरेझोनं स्वतःच्या भागात आडवा, निष्काळजी पास दिला. रोसीनं तो मध्येच उचलला आणि गोल केला. ६८व्या मिनिटाला सेरेझोच्या धावेमुळे इटलीचा बचाव एका बाजूला ओढला गेला, फाल्कावला मोकळीक मिळाली आणि त्यानं डाव्या पायानं चेंडू जाळ्यात धाडला. २–२. ब्राझील पुढच्या फेरीत. इथून ७४व्या मिनिटाला इटलीला कॉर्नर मिळाला, चेंडू नीट बाहेर निघाला नाही, तार्देल्लीनं फटका मारला आणि गोलसमोर उभ्या रोसीनं तो वळवला. ३–२. अखेरच्या क्षणांत चाळीस वर्षांच्या दिनो झोफनं ऑस्करचा हेडर गोलरेषेवर दाबून धरला, आणि तो ब्राझील घरी गेला.

त्यानंतर चार दशकं एक वाक्य ऐकू येतं: बरोबरी पुरेशी असताना ब्राझील हल्ला करत राहिला म्हणून हरला. गोल पुन्हा एकदा बघा. पहिला क्रॉसवर, बचावपटूंनी माणूस मोकळा सोडल्यामुळे. दुसरा स्वतःच्या भागातल्या ढिल्या पासवर. आणि तिसरा, ज्यानं निकाल ठरवला, तो कॉर्नरवर; ब्राझीलचे खेळाडू त्या वेळी स्वतःच्या गोलसमोर दाटीनं उभे होते. तीनपैकी एकही गोल पुढे धावून गेलेल्या संघाच्या पाठीमागच्या मोकळ्या जमिनीतून झाला नाही. ब्राझीलला नडली ती स्वतःच्या गोलजवळची बेफिकिरी. आणि ज्या इटलीला आपण बचावात्मक म्हणतो तिनं त्या दिवशी जगातल्या सर्वोत्तम आक्रमक संघापेक्षा एक गोल जास्त केला. पुढे पोलंडवर २ आणि अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीवर ३. शेवटच्या चार सामन्यांत १० गोल करणाऱ्या संघाला निव्वळ बचावखोर म्हणणं आकड्यांना धरून नाही.

ब्राझीलनं मात्र त्या पराभवातून नेमका तोच धडा घेतला जो सामन्यात नव्हता. हळूहळू मधल्या फळीत कलावंतांच्या जागी दणकट रखवालदार आले. १९९४ साली कार्लुस आल्बेर्तु पॅरेरांच्या संघानं, दुंगा आणि माउरो सिल्वा यांना मध्ये ठेवून, सात सामन्यांत फक्त ३ गोल स्वीकारले आणि इटलीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून विश्वचषक जिंकला. मला तो संघ आवडतो, रोमारिओ आणि बेबेतोसाठी तर फारच. पण ब्राझीलमध्येही १९८२च्या हरलेल्या संघाबद्दल जेवढ्या प्रेमानं बोललं जातं तेवढं १९९४च्या विजेत्यांबद्दल नाही.

या दोन टोकांच्या मधून एक तिसरी वाट निघाली, आणि आजचं बहुतेक फुटबॉल त्याच वाटेवर चालतं. सुरुवात हॉलंडमध्ये. रायनस मिखेल्स यांनी आयाक्समध्ये आणि नंतर १९७४च्या डच संघात खेळाडूंना जागा बदलत राहायला शिकवलं. बचावपटू पुढे गेला तर आघाडीपटूनं त्याची जागा भरायची. योहान क्रायफ या पद्धतीचा मेंदू. याच आयाक्सनं १९७२च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात इंटरला २–० असं हरवलं, दोन्ही गोल क्रायफचे. पण डच पद्धतीतला खरा शोध बचावाचा होता आणि त्याकडे कमी लक्ष जातं. चेंडू गेला की मागे पळायचं नाही, जिथे गेला तिथेच तुटून पडायचं, आणि मागची फळी एकदम पुढे सरकवून प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइडमध्ये पकडायचं.

हा शोध मिलानच्या आरिगो साक्कींनी गणितासारखा नेमका केला. साक्की व्यावसायिक फुटबॉलपटू कधीच नव्हते. वडिलांच्या चपला-बुटांच्या कारखान्याचा माल विकण्याचं काम त्यांनी केलं होतं. त्यांचा आग्रह असा की मागच्या बचावपटूपासून पुढच्या आघाडीपटूपर्यंतचं अंतर २५ मीटरच्या आसपासच राहिलं पाहिजे. ६८ मीटर रुंदीचं मैदान धरलं तर खेळ १,७०० चौरस मीटरमध्ये, म्हणजे सतरा गुंठ्यांत कोंडला जातो. माणशी सात गुंठ्यांचं ओझं पावणेदोन गुंठ्यांवर आलं. उरलेल्या जमिनीची राखण ऑफसाइडच्या नियमावर आणि पुढे येऊन उभ्या राहणाऱ्या गोलरक्षकावर सोपवली. पाठीमागे पन्नास मीटर मोकळे, तरीही १९८७–८८मध्ये या मिलाननं लीगच्या ३० सामन्यांत फक्त १४ गोल स्वीकारले. पुढच्या वर्षी युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला ५–० आणि अंतिम फेरीत स्तेआवा बुखारेस्तला ४–०. मालदिनी, बारेसी, कोस्ताकुर्ता, तासोत्ती या चौघांची फळी एकाच हाकेसरशी पुढे-मागे होताना पाहणं हा मला गोल पाहण्याइतकाच आनंद वाटतो.

हा संघ आक्रमक की बचावात्मक? प्रश्न इथे निरर्थक होऊ लागतो. पेप ग्वार्दिओलांच्या बार्सिलोनाबाबत तो आणखी निरर्थक होतो. चेंडू गेल्यावर पाच-सहा सेकंदांत तो परत मिळवायचा ही तिथली शिस्त होती, आणि चेंडू आपल्याकडे असेल तर समोरचा गोल करू शकत नाही हे साधं तर्कशास्त्र. २०१०–११च्या स्पॅनिश लीगमध्ये ३८ सामन्यांत त्यांच्यावर अवघे २१ गोल झाले. याच मुशीतल्या खेळाडूंचा स्पेनचा संघ २०१०चा विश्वचषक जिंकला तो कसा? सात सामन्यांत ८ गोल करून आणि फक्त २ स्वीकारून. बाद फेरीतले चारही सामने १–०. जगभर ज्या संघाचं आक्रमक पासिंगसाठी कौतुक झालं त्याचा हा ताळेबंद एरेरांनाही शोभला असता. स्पेन चेंडू जवळ ठेवून बचाव करत होता.

त्याच वर्षी, २८ एप्रिलला, बार्सिलोनाच्या कँप नोऊवर या शैलीला तिचा सर्वात हट्टी प्रतिस्पर्धी भेटला. जोझे मोरिन्योंचा इंटर चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीची पहिली लढत घरी ३–१ जिंकून आला होता. २८व्या मिनिटाला त्यांच्या थियागो मोत्ताला लाल कार्ड मिळालं आणि पुढचा तासभर दहा जणांनी चेंडूला जवळजवळ हात न लावता पेनल्टी क्षेत्राभोवती तटबंदी केली. सॅम्युएल एटो, त्या पिढीतल्या सर्वोत्तम आघाडीपटूंपैकी एक आणि वर्षभरापूर्वीपर्यंत बार्सिलोनाचाच लाडका, त्या रात्री बचावपटूच्या जागी खेळला. बार्सिलोनाचा एकमेव गोल ८४व्या मिनिटाला आला, तो आघाडीत जाऊन उभ्या राहिलेल्या बचावपटू जेरार्ड पिकेचा. १–० हरूनही इंटर अंतिम फेरीत गेला आणि तिथे बायर्न म्युनिकला २–० हरवून चषक जिंकला. त्या तासाभरात मला भित्रेपणा कुठे दिसत नाही. दहा माणसांनी एकमेकांपासूनचं अंतर इतका वेळ न मोडू देणं हे विलक्षण मेहनतीचं आणि विश्वासाचं काम आहे. मात्र हेही खरं की पहिल्या लढतीत इंटरनं ३ गोल केले नसते तर राखायला काही नसतंच.

शैली केवळ प्रशिक्षकांच्या डोक्यातून निघत नाहीत, नियमांतूनही निघतात. १९२५पर्यंत ऑफसाइड टाळायला आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू लागत. ती संख्या दोनवर आणली आणि इंग्लंडच्या पहिल्या विभागातले गोल एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ वर गेले. सामने तेवढेच, ४६२. त्यावर तोडगा म्हणून आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननी मधल्या फळीतला एक खेळाडू बचावात मागे ओढला, आणि पुरेशी माणसं मागे ठेवूनही त्यांच्या संघानं १९३०–३१मध्ये १२७ गोल करून लीग जिंकली. उलट दिशेचं उदाहरण १९९०च्या विश्वचषकाचं: ५२ सामन्यांत ११५ गोल, सामन्यामागे २.२१, हा आजवरचा नीचांक. दोन वर्षांत नियम आला की सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घ्यायचा नाही. वेळकाढूपणाची सर्वात सोपी युक्ती त्यामुळे गेली, आणि पायानं खेळू शकणारा गोलरक्षक ही नवी गरज निर्माण झाली.

विजयाला दोनऐवजी तीन गुण देण्याची पद्धत इंग्लंडनं १९८१मध्ये आणि विश्वचषकानं १९९४मध्ये स्वीकारली. तिचा परिणाम वाटतो तेवढा सरळ नाही. सामना १–१ बरोबरीत आणि पंधरा मिनिटं बाकी असं समजा. जुन्या पद्धतीत हल्ला करून मिळवायचा एक गुण आणि गमवायचाही एक. नव्या पद्धतीत मिळवायचे दोन, गमवायचा एक. म्हणजे जिंकण्याची शक्यता हरण्याच्या निम्म्याहून थोडी जास्त असली तरी पुढे जाणं फायद्याचं. पण तोच संघ १–० नं पुढे असेल तर बरोबरीत त्याचे आता दोन गुण जातात, पूर्वी एकच जायचा. त्यामुळे आघाडी घेतलेला संघ अधिक घट्ट बसतो. एकाच नियमानं बरोबरीतल्या संघाला धीट केलं आणि पुढे असलेल्याला सावध.

आपल्याकडचा याविषयीचा सर्वात मोठा धडा सय्यद अब्दुल रहीम यांनी दिला. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा हरला, बहुतेक खेळाडू अनवाणी. चार वर्षांनी मेलबर्नला रहीम साहेबांनी एक आघाडीपटू मागे खेचून मधली फळी बळकट केली, पासांवर भर दिला आणि भारत चौथा आला. यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ हरवताना मुंबईत खेळणाऱ्या, मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसूझानं हॅटट्रिक केली. १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत बचावफळीचा कणा जर्नेल सिंग डोक्याला जखम होऊन टाके घालून बसला होता. रहीम साहेबांनी त्याला बसवून ठेवलं नाही, आघाडीत खेळवलं. उपांत्य फेरीत त्यानं गोल केला आणि दक्षिण कोरियाविरुद्ध २–१ जिंकलेल्या अंतिम सामन्यात आणखी एक; दुसरा पी. के. बॅनर्जींचा. गेमेल, पिके आणि जर्नेल या तिघांनी केलं ते एकच: आपल्या नावापुढचं ‘बचावपटू’ हे बिरुद गरज पडताच बाजूला ठेवलं.

अलीकडचं उदाहरण गोव्यातलं आहे. २०२०–२१चा इंडियन सुपर लीगचा सारा हंगाम कोविडमुळे गोव्यातच, प्रेक्षकांविना झाला. बार्सिलोनाच्या व्यवस्थेत वाढलेले सर्जिओ लोबेरा मुंबई सिटीकडे, आणि आधी गोल वाचवा या मताचे अंतोनिओ हाबास एटीके मोहन बागानकडे. २० सामन्यांनंतर मुंबईचे ३५ गोल, स्वीकारले १८. मोहन बागानचे २८, स्वीकारले १५. गुण दोघांचेही ४०. दोन वेगळ्या वाटांनी दोघं एकाच ठिकाणी पोचले. परस्परांतले दोन्ही सामने जिंकल्यामुळे मुंबई वर राहिली. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात ९०व्या मिनिटापर्यंत १–१ होतं. बिपिन सिंगच्या गोलनं मुंबई जिंकली.

त्यामुळे कोणती शैली श्रेष्ठ या वादात मी पडत नाही. माझा आक्षेप आहे तो फक्त चेंडू मिळाल्यावर काय करायचं हे न ठरवता बसून राहणाऱ्या संघाला, आणि चेंडू गेल्यावर हात कमरेवर ठेवून उभ्या राहणाऱ्या संघाला. पहिला स्वतःला बचावात्मक म्हणवतो, दुसरा आक्रमक. दोघांचंही काम अर्धवट असतं. वाचकांनी पुढचा सामना कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, मुंबईत कूपरेजवर किंवा फातोर्ड्यात पाहताना एकदा एवढं करून बघावं. एखाद्या संघाचा पास चुकला की चेंडूवरची नजर काढून त्याच संघाच्या मागच्या चौघांकडे न्यावी. ते पुढे सरकतात की मागे, एकत्र सरकतात की वेगवेगळे, हे पाहावं. दहा मिनिटांत त्या संघाची खरी शैली कळते.